जाळीवालं, काचवालं का छोटं? गेमिंग पीसीचं कॅबिनेट निवडताना इकडच्या उन्हाचा अन् धुळीचा हिशोब

गेमिंग पीसी जोडायचा ठरला की पोट्टे प्रोसेसर अन् ग्राफिक कार्डवर महिना महिना डोकं लावतात, यूट्यूब पाहून पाहून डोळे लाल करतात, अन् हे सगळं ज्या डब्ब्यात बसते त्या कॅबिनेटचं काय म्हणून विचारलं तं म्हणतात, "घेऊ ना भाऊ कोणतंही, उरलेल्या पैशात." उरलेले पैसे म्हणजे तीन-साडेतीन हजार, अन् त्याच्यात दुकानदार जे लाइटवालं चमकणारं दाखवते ते उचलून आणतात. पुण्या-मुंबईत एसीच्या खोलीत चालून जाते ते. आपल्या इकडे विदर्भात नाही चालत. माझं तालुक्याच्या गावी पीसी जोडायचं अन् रिपेरिंगचं काम आहे, दुसऱ्याची कॅबिनेटं उघडून साफ करणं हा त्यातला अर्धा धंदा, तं कोणत्या डब्ब्यात काय साचते हे नेहमी डोळ्यासमोर असते, त्याच्यावरून लिहितो.

आधी उन्हाचं बोलून घेऊ, कारण बाकी सगळं त्याच्यावरच आहे. कॅबिनेट स्वतः काही थंड करत नाही. ते फक्त खोलीतली हवा आत घेते अन् गरम झालेली बाहेर टाकते, म्हणजे आतला कोणताही पार्ट खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. आता बाहेरदेशातले रिव्ह्यूवाले ज्या खोलीत टेस्ट करतात ती असते २०-२२ डिग्रीची. तिथे ग्राफिक कार्ड ६८ डिग्री दाखवते म्हणजे खोलीच्या वर साधारण ४६-४८ डिग्री. हेच कार्ड मे महिन्यात दुपारी आपल्या टिनाच्या खोलीत लावा जिथे कूलर चालू नसला तं ४० सहज असते, मग हिशोब तुम्हीच करा. पंखे जोरात फिरून थोडं सावरून घेतात, पण एनव्हिडियाची भरपूर कार्डं ८३ डिग्रीच्या आसपास गेली की स्वतःच वेग उतरवायला लागतात, अन् राय्झन ५ ५६०० सारख्या प्रोसेसरची कंपनीनं दिलेली मर्यादाच ९० डिग्री आहे. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्यात उन्हापायी जमावबंदी लावायची पाळी आली होती प्रशासनावर, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडचं तं सांगायलाच नको. मग ज्या डब्ब्यामुळे आतलं तापमान पाच-सात डिग्री कमी-जास्त होते तो डब्बा थंड देशात फक्त आवाजाचा अन् शोभेचा विषय असेल, आपल्याकडे गेम अटकते का नाही अटकत याचा विषय आहे.

आता बाजारात जे मिळते त्याचे ढोबळमानाने तीन प्रकार धरू. पुढून जाळी असलेलं, पुढून अन् बाजूनं काच असलेलं, अन् छोटं. चौथं एक आहे, पुढून बंद पत्र्याचं, त्याच्यावर पण बोलतो कारण सेकंडहँडमध्ये तेच जास्त येते.

जाळीवाल्यात तीन नावं सांगतो, तिन्ही वेगवेगळ्या खिशासाठी. डीपकूलचं सीसी५६० घ्या, त्याच्यात चार पंखे लागूनच येतात, तीन पुढे अन् एक मागे, ग्राफिक कार्ड ३७० मिमीपर्यंत बसते, प्रोसेसरवरचा कूलर १६३ मिमी उंचीपर्यंत. पत्रा पातळ आहे, बाजू दाबली तं थोडी वाकते, लाइट एकाच रंगाचे, पण पंखे वेगळे घ्यायचे नाहीत हा मोठा फायदा कारण चार बरे पंखे घ्यायला गेलं की दोन-अडीच हजार तिथेच जातात. अँट इस्पोर्ट्ससारख्या देशी ब्रँडची पण याच भावात, म्हणजे तीन ते पाच हजारात, जाळीची कॅबिनेटं येतात, फक्त फोटोत जाळी दिसते म्हणून भुलू नका, काहींच्यात जाळीच्या मागे प्लास्टिकचं कव्हर असते अन् खरी हवा जायला बोटभर फटच असते. हात लावून पाहा, पुढच्या जाळीच्या आरपार पंख्याची पाती दिसली पाहिजेत.

त्याच्या वरचं म्हणजे कॉर्सेअरचं ४०००डी एअरफ्लो. २०२० पासून आहे बाजारात, अन् कॅबिनेट म्हटलं की जोडणारे अजून याचंच नाव घेतात. दोनच १२० मिमीचे पंखे सोबत देते ही कंजूषी आहे, त्या भावात तिसरा द्यायला काय जात होतं कळत नाही. पण पुढचं पॅनल ओढलं की निघते, त्याच्या मागची फिल्टरची जाळी वेगळी निघते, नळाखाली धरली की साफ, वरचा फिल्टर चुंबकाचा. ग्राफिक कार्ड ३६० मिमी, कूलर १७० मिमी. पत्रा चांगला, स्क्रू घसरत नाहीत, अन् हे स्क्रू घसरणं काय असते ते ज्यानं स्वस्तातल्या डब्ब्यात मदरबोर्ड कसला आहे त्याला विचारा. तिसरं लिआन लीचं लॅनकूल २१६. पुढे दोन १६० मिमीचे पंखे अन् मागे एक १४० चा सोबतच येतो. मोठा पंखा हळू फिरूनही तेवढीच हवा ओढते म्हणून आवाज कमी, रात्री बाजूच्या खोलीत बुढे आईबाप झोपलेले असले तं हा मुद्दा लहान नाही. ३९२ मिमी लांब कार्ड जाते त्याच्यात, म्हणजे आपल्या बजेटमधलं कोणतंही कार्ड जाऊन वर जागा उरते. पण आकारानं मोठं आहे भाऊ, कॉम्प्युटर टेबलाच्या त्या खालच्या खणात जाणार नाही, आधी मोजून घ्या. ही दोन्ही सात ते दहा हजारात धरा, भाव वरखाली होत राहतात.

काचवालं म्हणजे ते मासे ठेवायच्या टाकीसारखं दिसते ते. लिआन लीनं २०१८ मध्ये ओ११ डायनॅमिक काढलं अन् तेव्हापासून सगळ्यांनी त्याच्या नकला काढल्या, समोरून काच, बाजूनं काच, हवा खालून अन् बाजूनं घ्यायची, वरून टाकायची. ओ११ मध्ये नऊ पंख्यांची जागा आहे अन् सोबत एकही पंखा येत नाही. दिसायला एक नंबर, यात वाद नाही, त्याच्यासमोर जाळीवालं म्हणजे शाळेतला पोरगा वाटते. अन् नऊच्या नऊ पंखे भरले अन् खोलीत एसी असला तं थंडही चांगलं राहते, उगाच त्याची बदनामी करायची नाही. पण दोन गोष्टी आहेत. एक, हे घेणारे निम्मे लोक पंख्यावर येऊन पैसे वाचवतात, फक्त वर तीन लावतात, तिन्ही बाहेर फेकणारे, अन् खालची जागा रिकामी. दोन, खालून हवा घेते म्हणजे जमिनीलगतची हवा घेते. आपल्या घरात दिवसातून दोनदा झाडू लागतो, अंगणातला फुफाटा उंबऱ्यावरून आत येते, अन् पीसी ठेवलेला असते फरशीवर. खालचा फिल्टर आठवड्यात मळतो, अन् तो काढायला सगळं धूड तिरपं करा लागते किंवा मागून ओढा लागते, जे कोणी करत नाही. मी हे कॅबिनेट फक्त त्यालाच घे म्हणतो ज्याच्या खोलीला एसी आहे, खिडकी बंद राहते अन् टेबलावर ठेवायला जागा आहे.

काचेचं एक जाता जाता सांगतो. ती टेम्पर्ड काच असते, मधोमध बुक्की मारली तरी एकदम फुटत नाही, पण कडेला कडक फरशीचा टिचका बसला तं अख्खी काच एका क्षणात दाण्यादाण्याची होते. म्हणून काच काढली की शहाबादीवर किंवा टाइल्सवर उभी टेकवून ठेवू नका, पलंगावर आडवी ठेवा.

छोट्यात दोन वेगळ्या जाती आहेत, लोक गल्लत करतात. एक मायक्रो एटीएक्स म्हणजे मध्यम आकाराच्या मदरबोर्डवालं, उदाहरणार्थ कूलर मास्टरचं मास्टरबॉक्स क्यू३००एल. बजेटमध्ये आपण जे बोर्ड घेतो, बी४५०एम, बी५५०एम, एच६१०एम, ज्यांच्या नावात शेवटी एम आहे, ते बहुतेक मायक्रो एटीएक्सच असतात, २४४ बाय २४४ मिमीचे, ते याच्यात मजेत बसतात. एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डब्बा, साधा मोठाच (एटीएक्स) लागते. ग्राफिक कार्ड ३६० मिमीपर्यंत. फिल्टर चुंबकाचे, चट्‌दिशी निघतात. बाजूला काच नाही, अ‍ॅक्रिलिक आहे, त्याच्यामुळे हलकं पण कोरड्या फडक्यानं धूळ पुसली की चरे पडतात, ओल्या कपड्यानं पुसा. पंखा एकच देते, मागचा, त्यामुळे पुढे दोन लावायचे पैसे धरूनच चाला.

दुसरी जात मिनी आयटीएक्सची, म्हणजे अजून छोट्या बोर्डाची. कूलर मास्टरचं एनआर२००, सव्वाअठरा लिटरचा डब्बा, अन् तेवढ्यात ३३० मिमीचं ग्राफिक कार्ड जाते, कारागिरी म्हणून मानलं पाहिजे. पण याला बोर्ड १७० बाय १७० चा लागते, तो महाग. एसएमपीएस एसएफएक्स म्हणजे छोट्या आकाराचा लागते, तो अजून महाग, अन् खरी गोम इथे आहे. आपल्याकडे व्होल्टेजचा काही नेम नाही, पावसाळ्यात वीज कडाडली, फेज उलटसुलट झाला, डीपीवर काही झालं, की सगळ्यात आधी जाते तो एसएमपीएस. साधा एटीएक्स एसएमपीएस गेला तं तालुक्याला नाही तं जिल्ह्याला त्याच दिवशी मिळते, निदान दुसऱ्याचा लावून पाहता येते. एसएफएक्स गेला तं नागपूरला फोन फिरवा, तिथे नसला तं ऑनलाइन मागवा, तोपर्यंत पीसीवर टॉवेल टाकून बसा. छोट्या डब्ब्यात आणखी एक गोष्ट, कार्ड उभं बसवायला काहींच्यात रायझर केबल (कार्ड बोर्डाला जोडणारी वायर) असते. एनझेडएक्सटीनं एच१ नावाचं असंच उभं छोटं कॅबिनेट काढलं होतं, त्याच्या रायझरच्या स्क्रूमुळे शॉर्ट होऊन आग लागायचा धोका निघाला अन् २०२१ मध्ये कंपनीला ते बाजारातून परत बोलवावं लागलं. सगळीच तशी नसतात, पण जिथे अर्थिंगचीच बोंब आहे तिथे जितकं साधं तितकं बरं असं माझं मत. ज्यांच्या घरी हॉल मोठा अन् जागाच जागा त्यांनी एनआर२०० कशाला घ्यायचं हेही मला कळत नाही, ते शहरातल्या वन रूम किचनसाठी आहे.

आता ज्याच्यावर सगळ्यात जास्त भांडण होते ते. बहुतेक गिऱ्हाईक म्हणते, "जाळी असली तं धूळ जाईल ना भाऊ, आपल्या इकडे बंद तोंडाचंच बरं." ऐकायला बरोबर वाटते, अन् याच्यासाठीच लोक सेकंडहँड एनझेडएक्सटी एच५१० घेतात, २०१९ चं मॉडेल, पुढून सपाट पत्रा, दिसायला लय देखणं. पण त्याच्यात कंपनीकडून दोन पंखे आले, एक मागे, एक वर, दोन्ही हवा बाहेर फेकणारे. आत ओढणारा एकही नाही. आता पंखा हवा बाहेर फेकते म्हणजे तेवढीच हवा कुठून तरी आत यावीच लागते. पुढून तोंड जवळपास बंद, मग ती येते मागच्या पीसीआयच्या पट्ट्यांच्या (कार्ड बसवायच्या जागा झाकणाऱ्या पत्र्याच्या) फटीतून, पॅनलच्या सांध्यातून, जिथे जिथे भोक असेल तिथून, अन् त्या भोकांना फिल्टर नसते. म्हणजे धूळ थांबली नाही, उलट जिथे गाळणी नाही त्या रस्त्यानं आली. मी उघडतो तेव्हा अशा डब्ब्यात ग्राफिक कार्डच्या मागच्या तोंडाशी अन् यूएसबी पोर्टाच्या आत मातीची रांगोळी असते, पुढचा फिल्टर मात्र कोराकरकरीत.

उपाय असा की आत ओढणारी हवा बाहेर फेकणाऱ्या हवेपेक्षा जास्त पाहिजे. पुढे तीन अन् मागे एक, किंवा पुढे दोन अन् मागे एक. मग आत थोडा दाब राहते, फटीतून हवा बाहेर निघते, अन् धूळ आली तं फक्त पुढच्या फिल्टरमधूनच येते, जो तुम्ही धुऊ शकता. तपासायचं कसं तं उदबत्ती लावा, पीसी चालू ठेवून मागच्या पीसीआय पट्ट्यांजवळ धरा. धूर आत ओढला गेला तं दाब उलटा आहे, पुढे एक पंखा वाढवा नाही तं वरचा काढून टाका. धूर बाहेर ढकलला गेला तं काम फत्ते. म्हणून जाळीवालं घेताना जाळीपेक्षा जास्त बारकाईनं पाहायचं ते हे की फिल्टर वेगळा निघते का, अन् एका हातानं निघते का. ज्या फिल्टरला स्क्रू ड्रायव्हर लागते तो फिल्टर जन्मात धुतला जात नाही.

धूळ धूळ म्हणतो पण आपली धूळ एक जातीची नाही. उन्हाळ्यात बारीक मातीचा फुफाटा. दसऱ्याच्या आसपास सोयाबीन निघाली, हडंबा (मळणी यंत्र) गावात फिरायला लागला की कुटाराचा भुगा हवेतच असते, रस्त्याकडच्या घरात तं विचारू नका. अन् मग कापूस. ज्याच्या घरी भाव वाढायची वाट पाहत खोलीभर कापूस भरून ठेवलाय त्याच्या घरातला पीसी मी वास घेऊन ओळखतो. रुईचे तंतू फिल्टरच्या भोकात अडकत नाहीत, ते जाळीवर एकात एक गुंतून पांढरा थर धरतात, अन् फिल्टर नसला तं सरळ प्रोसेसरच्या कूलरवर जातात, पंखा अन् हीटसिंकच्या (उष्णता सोडणाऱ्या पत्त्यांच्या) मधोमध गोधडी पांघरल्यासारखे बसतात. वरून काही दिसत नाही, पंखा छान फिरत असते, फक्त हवा पत्तीतून पलीकडे जातच नाही. पंखा काढला की पूर्ण चौकोनी थर हातात येते. एका गोष्टीचं मात्र भलं आहे, माती धुवावी लागते, रुई नुसती सोलून निघते. तं ज्याच्या घरी कापूस भरते त्यानं फार बारीक जाळीच्या भानगडीत पडू नये, ती दोन दिवसात बंद होते, मध्यम जाळी घ्यावी अन् वेचणीच्या दिवसात दर रविवारी फिल्टर काढून झटकावा. कापसाच्या खोलीतच पीसी ठेवणारे पण आहेत राजेहो, त्यांना कॅबिनेट बदलून काही होणार नाही, खोली बदला, तिथे ठिणगीबिणगी उडाली तं पीसीचं सोडा, घराचं पाहा लागेल.

खोलीतल्या कूलरचं पण असंच. उन्हाळ्यात कूलरसमोर पीसी ठेवला की गार वाटते, वाटणारच, पण ती हवा ओली असते. धूळ अन् ओल मिळून पंख्याच्या पातीवर गारा बसतो. अन् खारपाणपट्ट्यातल्या गावात, अकोला-अमरावती-बुलडाण्याचा तो पूर्णेकडचा भाग, कूलरच्या गवतावर पांढरं मीठ चढलेलं दिसतेच ना तुम्हाला, कूलर जे बारीक थेंब उडवते त्याच्यात तेच पाणी असते. तिथल्या स्वस्त कॅबिनेटचे मागचे स्क्रू अन् पीसीआयच्या पट्ट्या दुसऱ्या उन्हाळ्यात गंजलेल्या निघतात. पत्र्याला आतूनही रंग दिलेला आहे का पाहा, ४०००डी, लॅनकूल यांना असते, लोकल डब्ब्यात आतून चकचकीत कोरा पत्रा असते. खोली गार करा, पण कूलरच्या झोतात पीसी नको, बाजूला ठेवा.

उंदीर, पाल, झुरळ याच्यावर कोणताच रिव्ह्यूवाला बोलत नाही, कारण त्यांच्याकडे हा प्रश्नच नाही. मागे पीसीआयच्या ज्या पट्ट्या असतात त्या स्वस्त कॅबिनेटमध्ये तोडून काढायच्या असतात, एकदा तोडली की परत लागत नाही, अन् ग्राफिक कार्ड बदललं की तिथे दोन बोटाचं भोक कायमचं. उंदराच्या पिल्लाला तेवढं पुरते, अन् आत त्याला गरम जागा, खायला वायर. पाल एसएमपीएसमध्ये गेली तं दोघंही जातात. म्हणून स्क्रूनं लागणाऱ्या पट्ट्या असलेलंच कॅबिनेट घ्या, दोनशे-चारशे जास्त गेले तरी. आधीच भोक पडलेलं असेल तं बाजारात सुटी पट्टी मिळते, ती नाही मिळाली तं बारीक जाळीचा तुकडा स्क्रूनं कसा. पुठ्ठा लावू नका, कुरतडतात. अन् फ्रॅक्टलचं नॉर्थ नावाचं कॅबिनेट आहे, २०२२ मध्ये आलं, पुढे खऱ्या लाकडाच्या पट्ट्या, मागे जाळी, फार सुंदर, मला स्वतःला भल्लं आवडते. पण आपल्या घरात चौकटीला उधळी (वाळवी) लागते तिथे एवढं महाग लाकूड आणून ठेवायची छाती माझी तरी नाही.

"कॅबिनेटला हात लावला की झिणझिण होते, कॅबिनेट खराब आहे का?" हे विचारणारे भरपूर येतात. कॅबिनेट खराब नाही. एसएमपीएसच्या आत जो फिल्टर असते त्याचे दोन कपॅसिटर लाइनमधून डब्ब्याच्या पत्र्याला जोडलेले असतात, अर्थिंग नसलं की पत्र्यावर निम्मा व्होल्टेज तरंगत राहते, करंट अगदी थोडा असते म्हणून माणसाला नुसत्या मुंग्या येतात. पण एचडीएमआय लावता-काढताना तोच पोर्ट उडवू शकते. महागडं रंगवलेलं कॅबिनेट घेतल्यानं फक्त जाणवत नाही, जात नाही ते. घराला मीठ-कोळशाची खरी अर्थिंग करून घ्या.

लाइटिंगचं माझं काही म्हणणं नाही. आवडते तं लावा, एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढत नाही.

लोकल डब्बा, म्हणजे हजार-पंधराशेवालं एसएमपीएससकट येते ते, गेमिंगसाठी नका घेऊ, अन् मुख्य कारण तो फुकटचा एसएमपीएस आहे. वर ४५० वॅट लिहिलेलं असते, उचलून पाहिला तं रिकाम्या डब्ब्यासारखा हलका. डब्ब्यात हार्डडिस्कचा पिंजरा पण मधोमध असते, अडीचशे मिमीच्या पुढचं कार्ड जाता जात नाही, अन् मागे ८० चा पंखा बसते फक्त. घरी जुनं ऑफिसचं कॅबिनेट पडलेलं असेल अन् बजेट खरंच नसेल तं तो पिंजरा रिव्हेट तोडून काढता येते, पुढच्या पत्र्याला भोक पाडून १२० चा पंखा बसवता येते, गावातला वेल्डिंगवाला करून देते. दिसते भंगार, चालते मस्त. पत्र्याचा कीस मात्र एकूणएक झाडून काढा, एक कणही बोर्डावर पडला तं संपलं.

साफसफाईला बरेच जण पंक्चरवाल्याच्या हवेवर नेतात. त्या टाकीत पाणी साचलेलं असते, आधी जमिनीवर दोन-चार झटके मारून हवा कोरडी येते का पाहा, अन् पंख्याची पाती बोटानं धरून मग मारा, मोकळी सोडली तं भिरभिर फिरून बेअरिंग जाते. रंगाचा दोन इंची ब्रश अन् घरचा ब्लोअर असला तं तेवढ्यानंही भागते. फिल्टर नळाखाली धुवा अन् सावलीत वाळवा, उन्हात ठेवला तं प्लास्टिकची चौकट वाकते, मग ती परत खाचेत बसत नाही.

तं घ्यायचं कोणतं? आरटीएक्स ३०५०, ४०६०, आरएक्स ६६०० असल्या कार्डाचं सेटिंग अन् साधी घरातली खोली असली तं सीसी५६० किंवा त्याच भावातलं पंखेवालं जाळीचं घ्या, वाचलेले पैसे एसएमपीएस अन् यूपीएसमध्ये टाका, डोळे झाकून. मोठं तीन पंख्यांचं कार्ड घेणार असाल किंवा हेच कॅबिनेट पुढच्या पीसीलाही वापरायचं असेल तं ४०००डी अन् लॅनकूल २१६ मध्ये निवड करा. कापूस अन् माती दोन्हीचा त्रास असणाऱ्याला मी ४०००डी सांगतो, कारण त्याचा पुढचा फिल्टर वेगळा निघते. आवाज नको अन् गर्मी जास्त त्याला २१६. दोघांत मला ४०००डी वर तिसरा पंखा लावून द्यायला जास्त आवडते. जो पोरगा पुण्याला शिकते अन् सुट्टीत महाराष्ट्र एक्स्प्रेसनं पीसी घेऊन घरी येते (असे वेडे आहेत) त्याला क्यू३००एल, हलकं आहे अन् काच नाही. ओ११ वालं कोणाला, ते वर सांगितलंच. एच५१० कोणाकडून स्वस्तात मिळत असेल तं पुढे दोन १४० चे पंखे लावायचे पैसे धरूनच भाव करा, वरचा पंखा काढा, चालून जाईल, पण मेमध्ये दुपारी खेळताना पुढचं पॅनल काढूनच खेळा.

दुकानात जाताना मेजर टेप सोबत न्या, अन् आपल्या कार्डाची लांबी कंपनीच्या साइटवरून मिमीत लिहून न्या. कॅबिनेटवर जो आकडा लिहिलेला असते तो पुढे पंखे नसताना धरलेला आहे का असतानाचा ते विचारा, पंखा २५ मिमी खाते, अन् पुढे पाण्याच्या कूलरचा रेडिएटर लावला तं अजून २७-३०. पुढचे यूएसबी पोर्ट वर तोंड करून असतील तं त्याच्यात धूळ भरते, बाजारात रबराची बुचं मिळतात, घेऊन टाका.

अन् ऑनलाइन मागवायचं का नागपूरच्या सीताबर्डीवरून आणायचं, तं काचवालं असेल तं स्वतः जाऊन आणा. कुरिअर गावापर्यंत येतच नाही, तालुक्याला पडून राहते, तिथून कोण कसं फेकते माहीत नाही, अन् फुटलेली काच परत पाठवायची म्हणजे ऑनलाइनवाल्यांसोबत वेगळी लढाई. काच नसलेलं असलं तं ऑनलाइन खुशाल मागवा, फक्त खोके उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढत उघडा. नागपूरवरून एसटीत आणत असाल तं डिक्कीत टाकू नका, आठेक किलोचं असते, मांडीवर जड होते पण सीटमागच्या जागेत उभं राहते. दुकानातच काचेचं पॅनल काढून घ्या, त्याच्या थर्माकोलसकट वेगळं बांधा, अन् अंगठ्यानं फिरवायचे ते चार स्क्रू खिशात ठेवा, खोक्यात टाकले की घरी पोचल्यावर तीनच सापडतात.